कार्बनचा बाजार, ‘पर्यावरणप्रेमी ग्राहक’ आणि आपल्या कोकणातली धुराडी

खाडीकाठ (धागाकर्ता)

डोलवीचं पोलाद, थळचं खत, रोहा, महाड, लोट्याची रसायनं, जयगडची कोळशाची वीज. आपल्या किनारपट्टीवरच्या या धुराड्यांतून जे बाहेर पडतं ते कमी करायला नेमकं कोण भाग पाडतं? सरकारी दंड, कार्बनचा बाजार, की ‘इको फ्रेंडली’ शोधून घेणारं गिऱ्हाईक? हल्ली कपड्यांपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळीकडे हिरवं पान छापलेलं असतं. चार पैसे जास्त मोजून ते घेतलं की बरं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोयीचं. ग्राहकाचा हात कोकणातल्या धुराड्यापर्यंत पोचत नाही. नियमाचा पोचतो, आणि तोही त्याच्या मुठीत धुराची किंमत असेल तरच.

घर बांधताना आपण सळई कुठल्या कंपनीची ते विचारतो. एक टन सळईमागे किती कार्बन गेला हे कोण विचारतं? दुकानदारालाही ते ठाऊक नसतं. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी दोनच्या थोडी खाली आहे. युरियाचं तर विचारूच नका. गोणीचा भाव सरकार ठरवतं, शेतकऱ्याला ‘कमी धुराचा युरिया’ निवडायची सोयच नाही. वीज जयगडच्या कोळशाची की कोयनेच्या पाण्याची, हे मीटरला कळत नाही.

आता बाजाराकडे या. युरोपने २००५ मध्ये कारखान्यांसाठी कार्बनचे परवाने सुरू केले. एकूण धुराला कमाल मर्यादा, तेवढेच परवाने, ज्याला कमी पडतील त्याने दुसऱ्याकडून घ्यायचे. सुरुवातीला फुकट परवाने इतके वाटले की २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला आणि पुढेही कित्येक वर्षं तो रडतखडतच होता. मग जादा परवाने बाजारातून काढून घेतले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाला १०० युरोचा आकडा पहिल्यांदा ओलांडला गेला. त्या वर्षाअखेर या योजनेतल्या उद्योगांचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्के खाली होतं. ब्रिटनने २०१३ पासून विजेच्या कोळशावर वेगळी किमान कार्बन किंमत लावली. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. यात कोणी दुकानात जाऊन हिरवं पान निवडलं नव्हतं.

बोला आता.

---

चिरेबंदी

पहिला नंबर! वाचून मग प्रतिसाद देतो.

---

लोटेकर

धागा चांगला आहे, पण ‘ग्राहकाचा हात पोचत नाही’ हे अर्धंच खरं. मी लोट्याला एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरण बघतो (कुठला ते विचारू नका). आमचा माल म्हणजे रंग आणि कीटकनाशकांसाठी लागणारे मधले घटक. रत्नागिरीतला कोणी ते किलोभर विकत घेणार नाही. पण आमच्या गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक युरोपात आहे, आणि त्याच्या पलीकडे एखादी शर्ट विकणारी मोठी साखळी. तिथल्या बाईने शर्टाचं लेबल उलटून पाहिलं की तिचा प्रश्न तीन-चार कंपन्यांतून घरंगळत माझ्या टेबलावर एक्सेल फाइल होऊन येतो.

इकोव्हाडिसचं नाव ऐकलंय का? फ्रान्सची संस्था आहे. पुरवठादारांना गुण देते, कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशी पदकं. मोठ्या रसायन कंपन्यांनी २०११ मध्ये एकत्र येऊन ‘टुगेदर फॉर सस्टेनेबिलिटी’ म्हणून पुरवठादार तपासायची व्यवस्था काढली. कापडासाठी झेडडीएचसीची (घातक रसायनं टाळायची मोहीम) यादी वेगळीच. या सगळ्यांचे ऑडिटर आले की जे काम प्रदूषण मंडळाच्या नोटिशीने होत नाही ते होतं. वाफेच्या लाइनी वेष्टणाशिवाय उघड्या होत्या, स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या झडपा) गळत होते, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) गटारात जात होतं. मी मागणी टाकायचो आणि अकाउंट्सवाले ‘पुढच्या बजेटला बघू’ म्हणायचे. एका मोठ्या खरेदीदाराने गुण कमी दिले आणि फाइलवर सही झाली. कंडेन्सेट परत बॉयलरला जायला लागलं तेव्हा कोळसा लगेच कमी लागला. त्यात कंपनीचेही पैसे वाचले, हे वेगळं सांगायला नको.

पण हेही लिहितो: ऑडिटर प्रश्न विचारतो तेवढ्याचंच उत्तर मिळतं. विजेचं बिल, कोळशाची पावती, डिझेल. या कागदांवर जे नाही, ते त्याच्यासाठी नाही.

---

रानातला

लोटेकर, शेवटचं वाक्य लाखाचं. त्याच ‘कागदावर नाही’बद्दल.

खेड, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठल्याही आतल्या रस्त्याला दिवाळीनंतर उभे राहा. लाकडाने भरलेले ट्रक मोजत बसा. ऐन, किंजळ, कुंभा, जे हाताला लागेल ते. खाजगी रान आहे, मालक मुंबईला, सात-बारावर वीस नावं, ठेकेदार एकरकमी पैसे देतो आणि डोंगर बोडका करतो. हे लाकूड जातं कुठे? बरंचसं बॉयलरला. कधी ओंडके, कधी भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, म्हणजे ब्रिकेट.

आणि गंमत बघा. कोळसा बंद करून कंपनीने ‘बायोमास’ सुरू केलं की कार्बनच्या हिशेबात धुराड्याचा तो धूर शून्य धरतात. झाड पुन्हा वाढेल आणि तेवढा कार्बन परत शोषेल हे गृहीत. गवताला, भाताच्या तुसाला, उसाच्या चिपाडाला हे ठीक. चाळीस वर्षांचा किंजळ तोडून तिथे काजूची कलमं लावली तर कुठून परत येणार तेवढा कार्बन? पण युरोपातल्या बाईला सुवर्णपदकवाला शर्ट मिळाला.

---

लोटेकर

@रानातला, सहमत. आमच्याकडे ब्रिकेटच्या पुरवठादाराकडून ‘कृषी अवशेष’ असं पत्र घेतात. गाडीत काय आहे ते हमालाला माहीत.

---

देवगडवाला

आंब्याचं उदाहरण देतो, कारण आपल्याकडे परदेशी ग्राहकाचा खरा अनुभव तोच.

मे २०१४ मध्ये युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली. कारण फळमाशी. तोवर वर्षानुवर्षं सगळे म्हणत होते पॅकहाउस सुधारा, गरम पाण्याची प्रक्रिया करा. बंदी आल्यावर एका हंगामात यंत्रणा हलली आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. म्हणजे खाडीकाठ म्हणतात तसं: ग्राहकाची आवड नव्हे, दार बंद होण्याची भीती. लंडनच्या गुजराती काकूंनी ‘फळमाशीविरहित आंबाच हवा’ म्हणून मोर्चा काढला नव्हता.

आता कार्बनचं. आपला आंबा युरोपला जातो तो बहुतेक विमानाने, आणि किलोमागे विमानाचा धूर जहाजाच्या कितीतरी पट. बागेत शेणखत घातलं, फवारणी कमी केली, पेटीला पेंढा वापरला, सगळं एका उड्डाणात संपतं. २०२२ मध्ये पणन मंडळाने न्हावाशेवाहून अमेरिकेला जहाजाने आंबा पाठवून बघितला. तिकडे पोचायला तीन आठवड्यांच्या वर लागतात, टिकवण्याचं तंत्र जमलं तर खरा फरक तिथे पडेल. आणि जहाजालाही आता किंमत आहे. जानेवारी २०२४ पासून युरोपच्या बंदरात येणारी मोठी जहाजं त्या परवान्यांच्या योजनेत आली. बाहेरून येणाऱ्या फेरीचा निम्मा धूर मोजतात. शिपिंग कंपन्या भाड्याच्या बिलात ‘उत्सर्जन अधिभार’ अशी वेगळी ओळ लावतात. ती रक्कम आहे छोटी. पण ओळ बिलावर आली की माणूस तिच्याकडे बघतो, हा माझा धंद्याचा अनुभव.

---

वेतोबाचो_भक्त

ह्या सगळा बरोबर आसा हो, पण माका एक सांगा. युरोपवाल्यांनी दीडशे-दोनशे वर्सा कोळसो जाळल्यानी, आमच्याच पैशार. आता ते आमच्या लोखंडार कर लावतले आणि आमी ‘व्वा व्वा’ करूचा? ह्यो खयचो न्याय?

---

हिशेबनीस

@वेतोबाचो_भक्त, राग रास्त आहे, दिल्लीनेही तो वाटाघाटीत मांडला. पण तो कर कसा चालतो ते बघितलं तर त्यात आपल्याला एक फट आहे.

त्याचं नाव सीबॅम, म्हणजे आयात मालावरचा युरोपचा कार्बन कर. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैसे लागू. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज एवढ्याच गोष्टी. युरोपातल्या कारखान्यांचे फुकट परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपणार आणि त्याच प्रमाणात आयातीवरचा भार वाढणार. फट अशी की मालाच्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर ती वजा होते. म्हणजे पैसे ब्रसेल्सला द्यायचे की दिल्लीत ठेवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून आपलीही योजना आली. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, जून २०२३ ला कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. यादीत नऊ क्षेत्रं, त्यात पोलाद, खत, रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल आहेत, म्हणजे आपल्या रायगडचे बरेच मोठे उद्योग. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद यांना उद्दिष्टं दिली गेली. एक टन मालामागे किती कार्बन, याची प्रत्येक कारखान्याला पट्टी. पट्टीच्या खाली राहिलात तर प्रमाणपत्रं मिळतात, ती विका. वर गेलात तर विकत घ्या. घेतली नाहीत तर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. औष्णिक वीज त्या नवांत नाही, त्यामुळे जयगडच्या चिमणीला या पट्टीची झळ नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. युरोपात मर्यादा एकूण धुरावर, आपल्याकडे टनामागच्या धुरावर. समजा एखादा कारखाना वर्षाला १ कोटी टन पोलाद करतो आणि टनामागे अडीच टन कार्बन सोडतो. झाले अडीच कोटी. त्याने सुधारणा करून २.२ वर आणलं (केंद्राच्या डिसेंबर २०२४ च्या व्याख्येत ‘हरित पोलादा’ची वरची हद्द तीच आहे) आणि उत्पादन दीड कोटी टनांवर नेलं. झाले ३ कोटी ३० लाख. कागदावर सुधारणा, प्रमाणपत्रंही खिशात, आणि गावाच्या डोक्यावर धूर जास्त. डोलवी १ कोटी टनांवरून दीड कोटींकडे निघालीच आहे, तेव्हा ही नुसती शाळेतली गणितं नव्हेत. विकसनशील देशाने एकूण मर्यादा घालून घेऊ नये हा युक्तिवाद मला कळतो. पण मग ‘कार्बन बाजारामुळे उत्सर्जन घटलं’ हे वाक्य वापरताना जीभ जरा चावावी.

---

पुणेरी_पाहुणी

सगळे ग्राहकावर तुटून पडलेत म्हणून त्याची वकिली करते. माझं सासर चिपळूण, त्यामुळे मला इथे बोलायचा हक्क आहे.

बेहडा आठवतो ना, सगळ्यांच्या रानात असतो तो? त्याची फळं आयुर्वेदिक चहात जातात. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने सह्याद्रीत आणि संगमेश्वरच्या बाजूला हिरडा-बेहड्याची फळं ‘फेअरवाइल्ड’ (झाड न ओरबाडता रानमाल गोळा करायच्या) मानकाने गोळा करायची पद्धत बसवली, आणि इंग्लंडची एक हर्बल चहावाली कंपनी तो माल घेते. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. फळाला चांगला भाव मिळाला की झाड उभं ठेवण्यात अर्थ राहतो. हा निव्वळ ग्राहकाच्या पैशाने झालेला बदल आहे. कायदा नव्हता, कर नव्हता.

दुसरं, महावितरणकडे २०२१ पासून हरित विजेचा पर्याय आहे, सुरुवातीला युनिटमागे ६६ पैसे जादा होते. घेणारे लोक आहेत.

---

खाडीकाठ

बेहड्याचं उदाहरण मान्य, आणि आवडलंही. पण बघा, तिथे झाड ते चहाचा कप यात मोजकी माणसं आहेत आणि ग्राहक जे विकत घेतो ते त्याच झाडाचं फळ आहे. पोलादाला हे कसं लागू करणार?

हरित विजेचं तसं नाही. तुम्ही ६६ पैसे जादा दिलेत म्हणून कुठे एक नवीन सौर पॅनल बसलं का? की आधीच करार झालेली सौर वीज कागदावर तुमच्या नावे झाली आणि उरलेली कोळशाची माझ्या नावे? पहिलं झालं असेल तर उत्तम. त्यापेक्षा स्वतःच्या कौलांवर पॅनल बसवा, निदान दिसतं तरी.

---

रानातला

हाच प्रश्न देवरायांना लावा. अधूनमधून कोणीतरी येतं, ‘तुमच्या देवराईचे कार्बन क्रेडिट विकून देतो’ म्हणतं. आता गावाच्या रवळनाथाच्या राईला पिढ्यान्पिढ्या कोणी कोयता लावला नाही. ती उद्याही उभीच राहणार होती. मग तिच्या नावाने प्रमाणपत्र विकून कुठल्यातरी परदेशी विमान कंपनीने आपला धूर ‘फेडला’, तर हवेतला कार्बन तसूभर तरी कमी झाला का? क्रेडिट द्यायचंच तर शेजारच्या खाजगी रानाला द्या, जिथे ठेकेदार उद्या करवत घेऊन येणार आहे. पण तिथे वीस वारसांच्या सह्या लागतात, म्हणून कोणी फिरकत नाही. २०२३ च्या जानेवारीत गार्डियन आणि इतरांनी क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा संस्थेच्या वर्षावन क्रेडिटची तपासणी छापली, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त क्रेडिट निव्वळ हवेतली निघाली होती. व्हेराने ते नाकारलं. मला मात्र देवराईचा अनुभव असल्याने फार आश्चर्य वाटलं नाही.

---

हिशेबनीस

याहून भारी किस्सा क्योटो या जुन्या हवामान करारातला. एसीमध्ये वापरायचा एचसीएफसी-२२ वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो. तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त. तो जाळून टाकला की ढीगभर क्रेडिट मिळायची. चीन-भारतातल्या काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा उपवायू जाळण्यात जास्त पैसा दिसायला लागला, मग क्रेडिटसाठीच उत्पादन वाढवल्याचे आरोप झाले. शेवटी युरोपने मे २०१३ पासून ही क्रेडिट घ्यायचीच बंद केली. तोवर क्रेडिटचा भाव, जो २००८ ला २० युरोच्या आसपास होता, एका युरोच्याही खाली आलेला. त्या भावावर विसंबून पवनचक्क्या आणि बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) प्रकल्प काढणारे प्रामाणिक लोकही त्यात बुडाले.

बाजार वाईट असं माझं म्हणणं नाही. जिथे मोजमाप पक्कं आणि परवाने मोजके, तिथे तो काम करतो. जिथे ‘काय झालं असतं’ याची कल्पना करून क्रेडिट वाटतात, तिथे कल्पनेला ऊत येतो.

---

भरतीओहोटी

बराच वेळ वाचतेय. तुम्ही सगळे धुरावर बोलताय, आमचं मरण पाण्यात आहे.

दाभोळ खाडीत मासे मरून वर येणं ही आता बातमीही राहिलेली नाही. माझी आजी खाडीवर तिसऱ्या आणि कालवं काढून घर चालवायची, बोय आणि काळुंदर दारात विकायला यायचं. उद्या समजा लोट्याच्या सगळ्या बॉयलरांनी कोळसा सोडला, सगळ्यांना सुवर्णपदकं मिळाली. खाडीत काय फरक पडेल? कार्बनच्या प्रमाणपत्रात सांडपाणी मोजत नाहीत. उलट सांडपाणी शुद्ध करायला, आटवायला वीज आणि वाफ लागते. म्हणजे नीट प्रक्रिया करणाऱ्याचा कार्बन वाढतो आणि रात्री पऱ्ह्यात (ओढ्यात) सोडणाऱ्याचा कमी दिसतो. बरोबर ना, लोटेकर?

---

लोटेकर

दुर्दैवाने बरोबर. सांडपाणी आटवणारं यंत्र आमच्याकडे वाफेचा मोठा वाटा खातं. ज्याच्याकडे ते नाही त्याचा टनामागचा कार्बन आमच्यापेक्षा कमी दिसू शकतो. खरेदीदार कार्बन आणि सांडपाणी हे दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघत असेल तर कळतं. बहुतेक बघत नाहीत.

---

चिरेबंदी

पॉपकॉर्न संपले. अवांतर: कोणी घर बांधताय का? जांभा चिऱ्याला भट्टी लागत नाही, विटेपेक्षा कार्बन कमी. सिमेंटचा निम्म्याहून जास्त कार्बन तर चुनखडी भाजतानाच दगडातून निघतो, कोळसा बदलून तो जात नाही. पण चिरेखाणींनी सड्याची (कातळाच्या माळाची) काय चाळण केलीय ते वर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. भरतीओहोटीताईंचा मुद्दाच, जमिनीवर.

---

वेतोबाचो_भक्त

मगे आता करूचा काय ता सांगा. नायतर ह्यो धागो पण शंभर प्रतिसादांत बुडतलो.

---

हिशेबनीस

आकडे मागायचे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केलाय. वार्षिक अहवालाबरोबर कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, त्यात सहाव्या, म्हणजे पर्यावरणाच्या तत्त्वाखाली उत्सर्जन. वाचताना एक जपा. तिथे उत्सर्जनाची तीव्रता रुपयाच्या उलाढालीमागे काढलेली असते. पोलादाचा भाव चढला की धूर तेवढाच राहूनही आकडा सुंदर दिसतो. म्हणून एकूण टन आणि उत्पादन वेगळं काढा आणि भागाकार स्वतः करा.

---

लोटेकर

आणि छोट्या कारखान्यांसाठी: संमतीपत्र असलेल्या प्रत्येक उद्योगाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण मंडळाला पर्यावरण विवरण द्यावं लागतं, त्याला आम्ही फॉर्म पाच म्हणतो. पाणी किती, कच्चा माल किती, प्रदूषण किती, सगळं त्यात असतं. पर्यावरण मंजुरी असलेल्यांचे सहामाही अनुपालन अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर असायला हवेत. कोणी मागत नाही म्हणून भरणाराही आकडे मागच्या वर्षीचेच उतरवतो. हे आतून सांगतोय.

---

भरतीओहोटी

फॉर्म पाच माहिती अधिकारात मागता येईल ना? आमच्या खाडीकाठच्या समितीला पाहिजे आहेत, गेल्या पाच वर्षांचे. अर्ज कोणाकडे तयार असेल तर इथे टाका.

---

रानातला

माझ्याकडे वनखात्याला केलेला आहे, तोडीच्या परवानग्या मागायचा. त्यातलं खातं आणि विषय बदलून संध्याकाळी टाकतो. जोडीला बॉयलरच्या इंधनाचा तपशीलही मागा, ब्रिकेट कुठून घेतली ते नावासकट.